भावंडांची खोली

राजवाडे, किल्ले व देवळें यांचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला आहे; परंतु ज्या खोलींत मुलें वाढतात, भांडतात, अभ्यास करतात आणि रात्रीं एका पांघरुणासाठीं ओढाताण करून अखेर एकमेकांच्या अंगावर हात टाकून झोपीं जातात, ती खोली इतिहासाच्या योग्यतेची आहे असें कोणास फारसें वाटलेलें नाहीं. हल्लीं सुशिक्षित कुटुंबांत नवें घर घेतांना ‘मुलांची खोली’ हा एक स्वतंत्र विषय होऊन बसला आहे. तिला रंग कोणता द्यावा, खाटा शेजारीं शेजारीं मांडाव्या कीं एकीवर एक चढवाव्या, टेबल एक असावें कीं दोन, याविषयीं आईबाप बराच खल करतात. हा खल व्यर्थ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. उलट आमचें म्हणणें असें कीं, या प्रश्नांत सजावटीहून अधिक महत्त्वाचें कांहीं गुंतलेलें आहे. सामाईक काय आणि ज्याचें त्याचें काय, हें मूल प्रथम या खोलींत शिकतें. आणि तेथें जें शिकतें त्याचाच प्रत्यय पुढें घराची वाटणी निघाली म्हणजे येतो. सातारा व सांगली या मुलखाचा इतिहास या दृष्टीनें चाळला तर शिकण्यासारखें पुष्कळ सांपडतें.

जुन्या वाड्यांत ‘मुलांची खोली’ नांवाचा प्रकारच नव्हता. साताऱ्याच्या पेठांतून किंवा सांगलीच्या गांवभागांतून जे जुने वाडे अद्याप उभे आहेत त्यांत सोपा, चौक, माजघर, देवघर, स्वयंपाकघर व माडी ही मांडणी बहुधा ठरलेली दिसते. दिवसां ज्या माजघरांत धान्य निवडलें जाई, बाळंतिणीची बाज पडे आणि पाहुण्यांचीं पानें मांडलीं जात, तेंच माजघर रात्रीं लेंकुरवाळ्या बायकांचें व मुलांचें निजण्याचें ठिकाण होई. मुलगा थोडा मोठा झाला कीं त्याची रवानगी बाहेर सोप्यावर पुरुषमंडळींत होई. मुलगी मात्र आंतच राही. पहाटे अंथरुणें गुंडाळून वळकट्या कोपऱ्यांत एकावर एक रचल्या कीं जागा पुन्हां मोकळी. पांघरूण म्हणजे वाकळ. आजीचें लुगडें, आईचें पातळ, आजोबांचें धोतर असें सर्व घर तिच्या थरांत शिवलेलें असे, आणि तिच्याखालीं दोन-तीन भावंडें सहज मावत.

मग मुलाचें स्वतःचें असें काय होतें? होता तो कोनाडा. वाड्याच्या भिंती जाड. त्यांत हात-दीड हात उंचीचे कोनाडे ठेवलेले असत. एकांत दिवा, एकांत कुंकवाचा करंडा, आणि जो उरेल त्यांत मुलाची दौत, गोट्या, सागरगोटे, भोंवरा. कोनाड्यास दार नाहीं, कुलूप नाहीं. तरीही ‘हा त्याचा’ एवढ्या शब्दानें त्याचें रक्षण होत असे. कपड्यांना खुंटी, धुतलेल्या वस्त्रांना दांडी, पुस्तकांना फळी. सजावट म्हणावी तर दिवाळीपूर्वीं भिंतींना मिळणारी चुन्याची सफेदी व खालीं ओढलेला गेरूचा पट्टा. इ. स. १८९४ सालीं मुंबईस निघालेल्या रविवर्म्याच्या छापखान्यानें लक्ष्मी व सरस्वती यांचीं चित्रें स्वस्त केलीं, तेव्हां चौकटींत बसविलेलें एखादें चित्रही माजघरांत आलें. तें सर्वांचें असे. कोणा एका मुलाच्या आवडीनें टांगलेलें नसे.

या मांडणींत फरक पडला तो शाळेमुळें. रात्रीं वाचावयाचें तर उजेड पाहिजे, आणि समईच्या उजेडांत नेमकें अक्षर दिसत नाहीं. या कामीं सातारा जिल्ह्यानेंच आपल्या मुलांस मदत केली. कऱ्हाडनजीक ओगलेवाडीस इ. स. १९१६ सालीं ओगले बंधूंनीं कांचेचा कारखाना उभारला, आणि पुढें त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रांत घरोघर गेला. एक कंदील मध्यें व त्याच्या भोंवतीं चार भावंडें, हें चित्र त्या पिढींतील वाचकांच्या चांगलें परिचयाचें होतें. कंदील एकच, म्हणून जवळची जागा कोणाची हा तंटा रोजचा. आणि कांच पुसण्याची पाळी कोणाची हा दुसरा तंटा. परंतु या दोन तंट्यांतूनच पाळीचा नियम जन्मास येई. ज्यानें कांच पुसली त्यास उजेडाजवळ बसण्याचा हक्क, ही व्यवस्था मुलें आपली आपणच लावीत. तिकडे कुंडलच्या माळावर इ. स. १९१० मध्यें वसलेल्या किर्लोस्करवाडीनें शेतकऱ्याच्या नांगराबरोबर घरांतील लोखंडी फर्निचरही तयार केलें, आणि १९३० सालीं तेथूनच निघालेल्या ‘स्त्री’ मासिकानें सुशिक्षित गृहिणीस आपल्या संसाराकडे विचारपूर्वक पाहण्याची संवय लावली. जमिनीवरची वळकटी जाऊन खाट आली, आणि खाट आली म्हणजे प्रत्येकाची जागा दिवसांही दिसूं लागली. पत्र्याची ट्रंक आली, तिला कुलूप आलें. कोनाड्याचें रक्षण शब्दानें होत होतें; ट्रंकेचें किल्लीनें होऊं लागलें.

मुलींच्या बाबतींत तर हा फरक कायद्यापर्यंत पोंचलेला आहे. जुन्या घरांत मुलीस स्वतंत्र जागा देण्याचा प्रश्नच निघत नसे, कारण ती लवकरच सासरीं जावयाची. इ. स. १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीच्या विवाहाचें किमान वय चौदा ठरविलें, १९४९ सालीं तें पंधरा झालें व १९७८ च्या दुरुस्तीनें अठरा झालें. कायद्यानें व त्याहून अधिक शिक्षणानें मुलगी माहेरीं जितकीं वर्षें अधिक राहूं लागली, तितकी तिच्या पुस्तकांस फळी व तिच्या अभ्यासास टेबल देणें भाग पडलें. तरीही पुष्कळ घरांत खिडकीजवळची जागा भावाची, आणि ‘तुला काय, तूं परक्या घरचें धन’ हा शेरा बहिणीचा, अशी वांटणी बराच काळ चालू राहिली. पुढें १९९४ सालीं महाराष्ट्रानें व २००५ सालीं सबंध देशानें वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. तथापि आजही लग्न झालेल्या बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतांना दिसतात. कांहीं खुशीनें करतात, कांहीं माहेर तुटेल या भीतीनें करतात. ही भीति कचेरींत उत्पन्न होत नाहीं. लहानपणीं ज्या खोलींत ‘येथें तुझें कांहीं नाहीं’ असें न बोलतां शिकविलें गेलें, त्या खोलींत ती उत्पन्न होते.

कोणी म्हणेल कीं भावंडें एका छपराखालीं, एका अंथरुणावर वाढलीं म्हणजे पुरे. मग खुंटी-कोनाड्याचा हिशेब हवा कशाला? इतिहास अशी ग्वाही देत नाहीं. सातारचे प्रतापसिंह महाराज व त्यांचे धाकटे भाऊ यांचें बालपण दुसऱ्या बाजीरावाच्या नजरकैदेंत गेलें. सातारच्या किल्ल्यावरील तो बंदिवास, नंतर वासोट्याची वाट, मग पळत्या पेशव्याबरोबर झालेली फरफट आणि अखेर फेब्रुवारी १८१८ मध्यें आष्टीच्या लढाईंत इंग्रजांच्या हातीं पडणें, हीं सर्व संकटें आई व मुलें यांनीं एकत्र सोसलीं. याहून अधिक एकत्र वास्तव्य तें कोणतें? तथापि इ. स. १८३९ सालीं इंग्रजांनीं प्रतापसिंहांस पदच्युत करून काशीस धाडलें, तेव्हां त्यांच्या गादीवर बसले ते इंग्रजांच्या पक्षास मिळालेले त्यांचे सख्खे धाकटे बंधु शहाजी ऊर्फ आप्पासाहेब. प्रतापसिंह १८४७ सालीं काशीसच वारले, दुसऱ्याच वर्षीं शहाजीही औरस संतति न ठेवतां निवर्तले, आणि दत्तक नामंजूर करून इंग्रजांनीं राज्य खालसा केलें. साताऱ्यांत थोरल्या भावाच्या कारकीर्दींतील जुना राजवाडा व धाकट्याच्या कारकीर्दींत पुरा झालेला नवा राजवाडा असे दोन वाडे एकमेकांस लागून आहेत. वाडे शेजारीं राहिले. भाऊ राहिले नाहींत. त्यांच्या बेबनावास राजकारणाचीं कारणें होतीं हें खरें, पण एकत्र भोगलेला बंदिवासही तो बेबनाव टाळूं शकला नाहीं, एवढें लक्षांत ठेविलें पाहिजे.

मग वेगळें होणें हाच उपाय कीं काय? पटवर्धन घराण्याचा इतिहास या प्रश्नाचें अर्धेंच उत्तर देतो. चिंतामणराव आप्पासाहेब यांचें चुलते गंगाधरराव यांच्याशीं पटेना, तेव्हां इ. स. १८०१ मध्यें घराण्याचा गणपति बरोबर घेऊन त्यांनीं मिरज सोडली व कृष्णाकांठच्या सांगलीस आपलें ठाणें केलें. गणेशदुर्ग उठला, गणपतीचें देऊळ झालें, गांवाचें शहर झालें. तेव्हां वाटणींत नेहमीं नाशच असतो असें नाहीं. सांगलीचें वैभवच मुळीं एका वाटणींतून निघालें. परंतु वाटणीची संवय एकदां लागली म्हणजे ती थांबत नाहीं. १८२० सालीं मागें उरलेल्या मिरजेच्या जहागिरीचे पुन्हां चार वाटे झाले. नुसत्या एकत्र राहण्यानें भाऊपण टिकत नाहीं, आणि नुसत्या भिंती घातल्यानें तंटा मिटत नाहीं.

या दोहोंहून निराळा असा तिसरा मार्ग याच मुलखांतील एका पुरुषानें दाखविला, आणि तोही अशा मुलांना घेऊन कीं ज्यांचें एकमेकांशीं रक्ताचें नातें नव्हतें. भाऊराव पाटील यांचा जन्म इ. स. १८८७ सालीं कुंभोज येथें झाला. कोल्हापुरास ते जैन बोर्डिंगांत शिकत असतां अस्पृश्य मुलांसाठीं निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आले, आणि परतल्यावर ‘शुद्धीचें’ स्नान करण्याचें नाकारल्यावरून त्यांना बोर्डिंग सोडावें लागलें, असें त्यांच्या चरित्रकारांनीं नमूद केलें आहे. शाहू छत्रपतींनीं कोल्हापुरांत निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठीं वसतिगृहें काढविलीं, तें त्या काळीं मोठेंच कार्य होतें. परंतु प्रत्येक जातीची खोली निराळी होती. भाऊरावांनीं भिंत काढली. वारणाकांठच्या दुधगांवास १९१० च्या सुमारास त्यांनीं मित्रांसह विद्यार्थ्यांचा आश्रम काढला. १९१९ सालीं कऱ्हाड तालुक्यांतील काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली. आणि १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह आणलें. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्यास श्री छत्रपति शाहू बोर्डिंग हाउस हें नांव मिळालें.

धनिणीच्या बागेंतील त्या बोर्डिंगांत मराठा, जैन, मुसलमान, महार, मांग अशीं सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, एका पंक्तीस जेवत व एकमेकांच्या शेजारीं निजत. सजावटीस तेथें पैसा नव्हता. धान्यासही केव्हां केव्हां नसे. अशा एका प्रसंगीं भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरील दागिने, आणि शेवटीं मंगळसूत्रही, मुलांच्या अन्नासाठीं दिलें. १९३० सालीं त्या वारल्या, तोंवर त्या मुलांच्या आईच होत्या. तथापि केवळ आईच्या मायेवर ही व्यवस्था उभी नव्हती. तेथें काम सर्वांचें होतें. स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणें हें मुलांनींच करावयाचें, आणि कोणतेंही काम जातीवरून वांटावयाचें नाहीं. जे हात सकाळीं एका चुलीपाशीं राबले, त्यांना रात्रीं शेजारीं निजतांना विटाळ आठवणें अवघड होतें. ज्यांचे पूर्वज एकमेकांच्या सोप्यावरही चढले नव्हते, त्यांची भावंडें झालीं तीं अशा रीतीनें.

राजपुत्रांना जें साधलें नाहीं तें या गरीब मुलांना कां साधावें? आमच्या मतें उत्तर साधें आहे. राजवाड्यांत वस्तु सामाईक होत्या, पण काम कोणाचेंच नव्हतें. आणि जें एकच मोलाचें, म्हणजे गादी, तिची पाळी लावतां येत नाहीं. बोर्डिंगांत वस्तु थोड्या होत्या, परंतु काम सामाईक होतें आणि त्याला पाळी होती. कंदिलाभोंवतीं बसणाऱ्या भावंडांनीं जो नियम आपल्या बुद्धीनें शोधला, तोच भाऊरावांनीं शेंकडों मुलांस लावून दाखविला.

तेव्हां मुलांची खोली सजविण्यास निघालेल्या वाचकांस आम्ही एवढेंच सुचवूं. भिंतींचा रंग मुलांनींच एकत्र बसून ठरवावा. न जमल्यास चुन्याची सफेदी वाईट नाहीं. प्रत्येक मुलास, मग तो मुलगा असो वा मुलगी, लहान असो वा मोठें, एक फळी अथवा एक खण असा द्यावा कीं ज्यास कुलपाची गरज पडूं नये, आणि आईबापांनींही तो विचारल्याशिवाय उघडूं नये. खिडकीजवळची जागा व दिव्याजवळची जागा कायमची कोणाचीच नसावी; महिन्याच्या महिन्यास ती फिरावी. आणि खोली झाडण्याचें काम मोलकरणीवर किंवा एकट्या मुलीवर न टाकतां त्यांतही सर्वांची पाळी असावी. महागडें फर्निचर यांपैकीं कोणत्याही गोष्टीस लागत नाहीं.

सातारा व सांगली हीं दोन नांवें आम्ही एका दमांत घेतलीं त्यासही कारण आहे. १९४९ सालीं जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके व आसपासचीं विलीन संस्थानें मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव पडलें. जिल्हे निराळे झाले, कचेऱ्या निराळ्या झाल्या. पण कृष्णा सातारा जिल्ह्यांतून निघून कऱ्हाडावरून सांगलीस जाते ती जातेच. घरांतील भावंडेंही एक दिवस निराळीं व्हावयाचींच. त्यांनीं वेगळें होऊं नये अशी इच्छा धरणें व्यर्थ आहे. वेगळें होतांना बहिणीचा वाटा कोणी विसरूं नये व धाकट्यास कोणी फसवूं नये, एवढी तयारी मात्र त्यांच्या लहानपणींच्या खोलींत करून ठेवतां येते.