निमे, दुप्पट आणि कार्डाचा शेवटचा अंक

फाळणीनंतर कल्याण कॅम्पात, म्हणजे आजच्या उल्हासनगरात, आलेल्या सिंधी व्यापाऱ्यांना हुंडी परिचयाची होती. हुंडीवर रक्कम दोनदा येई: ‘रुपये 100, निमे 50 चे दुप्पट’. एका आकड्यात खाडाखोड झाली की दुसरा चुगली करी.

कार्डाच्या क्रमांकातही अशीच युक्ती आहे. हान्स पीटर लून यांनी 1954 साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. उजवीकडून दुसऱ्यापासून एकाआड एक अंक दुप्पट करा. उत्तर दोन अंकी आले तर ते अंक मिळवा. एकूण बेरजेला 10 ने भाग जायला हवा. 18 घ्या: 2+8=10. चुकून 81 लिहिलेत तर 7+1=8. चूक सापडली! 09 आणि 90 मात्र निसटतात. वर्गात करून पाहा.

पण चोर अंक बरोबरच लिहितो. म्हणून 1 ऑक्टोबर 2022 पासून, रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, ऑनलाइन विक्रेत्याला पूर्ण क्रमांक साठवता येत नाही. त्याजागी टोकन असते.