दुष्काळाची लोकस्मृति

दुष्काळ सरकारी दप्तरांत आंकड्यांच्या रूपानें राहतो. लोकांच्या मनांत तो अन्नाच्या आणि श्रमाच्या खुणांनीं राहतो. १९७२ सालच्या अवर्षणांत मराठवाड्यांतून मुंबईस आलेलीं कांहीं कुटुंबें उपनगरांतील वस्त्यांतच स्थायिक झालीं. १९७३ च्या मे महिन्यांत महाराष्ट्रांतील दुष्काळी कामांवर सुमारें ५० लक्ष मजूर होते, असें दप्तर सांगतें. त्या पिढींतील वृद्धांस मात्र आठवते ती उन्हांत फोडलेली खडी, परदेशाहून आलेली लाल मिलो आणि कामावर वांटलेली सुकडी.

१८७६-७८ च्या दुष्काळांत मुंबई व मद्रास इलाख्यांत लक्षावधि माणसें मेलीं. बहात्तरची आठवण मुख्यतः मरणाची नसून कष्टांची आहे, हा फरक हाताला मिळालेल्या कामानें घडविला. पुढें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला, त्यामागें हाच अनुभव होता.

आयर्लंडांत १८४५ पासून पडलेल्या दुष्काळाच्या आठवणी तेथील लोकसाहित्य मंडळानें शंभर वर्षांनीं, १९४५ सालीं, गोळा केल्या. तोंवर तो दुष्काळ डोळ्यांनीं पाहिलेली पिढी निघून गेली होती. हातीं लागल्या त्या मुलानातवंडांनीं ऐकलेल्या गोष्टी. आपल्याकडे खडी फोडलेले हात अद्यापि आहेत. त्यांच्याजवळ बसून त्यांचें बोलणें लिहून घेण्यास विलंब करणें आपणांस परवडणारें नाहीं.