विरह, ग्रेस यांच्या कवितेतील

ग्रेस (माणिक गोडघाटे, १९३७–२०१२) या नागपूरच्या कवीच्या कवितेत गमावलेल्या प्रेमाची कहाणी सांगितलेली नसते. उरते ती फक्त तिची हवा. आधुनिक मराठी कवितेत विरह इतक्या आडवाटेने क्वचितच कुणी मांडला असेल. माधव जूलियन यांच्या ‘विरहतरंगा’त प्रेमाला कथानक आहे, पात्रे आहेत. ‘संध्याकाळच्या कविता’ (१९६७) या ग्रेस यांच्या पहिल्याच संग्रहात मात्र कोण गेले, का गेले, याचा पत्ता सहसा लागत नाही. संध्याकाळ, पाऊस, चंद्र, घोडे, रान ही प्रतीके पुढच्या संग्रहांतही पुन्हापुन्हा येतात, पण त्यांचा अर्थ ठरलेला नसतो. एका कवितेत धीर देणारा पाऊस दुसरीत भिववतो.

या संदिग्धतेचे मूळ ‘ती’मध्ये आहे. प्रेयसी, आई, राधा, कधी नुसती सांजवेळ, अशी तिची रूपे एकमेकींत मिसळतात. ‘ती गेली तेव्हा’ ही कविता याचा उत्तम दाखला. सुरुवातीला रिमझिम पाऊस आणि ढगांत अडकलेले ऊन एवढेच दिसते, आणि ऐकणारा हे प्रेमगीत धरून चालतो. पुढे कवी ती आई असल्याचे उघडच सांगतो. मग अंगणात बालपण संपल्याची जाणीव होते, खिडकीत धुरकट कंदील एकटा उरतो. तरीही अनेकांच्या मनात ते प्रेयसीचेच गाणे राहिले आहे. याला श्रोत्यांची चूक म्हणणे अन्यायाचे होईल. आई आणि प्रेयसी यांच्या जाण्याचे दुःख या कवितेत एकाच जागी दुखते आणि तिची खरी ताकद तिथेच आहे.

दुर्बोधतेचा आक्षेप ग्रेस यांच्यावर आयुष्यभर घेतला गेला. काही कवितांत प्रतिमांची गर्दी अनुभवालाच झाकून टाकते, त्यामुळे तो अगदीच निराधार नाही. पण अर्थ निसटतो तिथेही लय सुटत नाही. छंद बांधीव, यमके घट्ट, म्हणून ओळ कळण्याआधी पाठ होते. हृदयनाथ मंगेशकर यांच्या चालींनी हाच गुण घरोघरी नेला. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांना चाली देणारे संगीतकारही तेच. विराणीतली विरहिणीही लौकिक प्रियकराची की विठ्ठलाची, हा प्रश्न जुनाच आहे. ग्रेस यांची संदिग्धता परकी नाही, हे त्यावरून ध्यानात येते.

ललितगद्यातही हीच प्रतीके वावरतात. ‘वाऱ्याने हलते रान’ या त्यांच्या ललितलेखसंग्रहाला २०११ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. कवितेत अडलेल्या वाचकाने ‘चर्चबेल’ किंवा ‘मितवा’ हे लेखसंग्रह सोबत ठेवावेत. तिथे प्रतिमांचे खुलासे मिळत नाहीत, पण त्या कोणत्या मनोवस्थेतून उगवतात ते उमगू लागते.