नवेगाव बांध

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील गोड्या पाण्याचा जुना, विस्तीर्ण तलाव. गोंदिया शहरापासून दक्षिणेस सुमारे ६५ किमी. काठावर त्याच नावाचे गाव. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा निघेपर्यंत हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. तिन्ही बाजूंनी रान, डोंगरांच्या पायथ्याला लागलेले पाणी आणि हिवाळ्यात त्यावर उतरणारी बदके पाहून पाहुण्याला हे निसर्गानेच घडवलेले सरोवर वाटते. प्रत्यक्षात अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी या गावप्रमुखाने ते बांधून काढले.

कोलू पाटलाची नजर असामान्य म्हटली पाहिजे. येथे सात टेकड्या जवळजवळ कडे करून उभ्या आहेत; लोक त्यांना सात बहिणी म्हणतात. पावसाचे पाणी या टेकड्यांवरून उतरून मधल्या खिंडींतून वाहून जाई. कोलू पाटलाने तेवढ्या खिंडीच दोन आखूड पाळींनी बुजवल्या, बाकीची भिंत डोंगरांनीच पुरवली. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरने या तलावाचे क्षेत्र ५ चौरस मैल (सुमारे १३ चौ. किमी.) आणि घेर १७ मैल (सुमारे २७ किमी.) नोंदवला आहे. एवढ्याशा मातीकामात एवढे पाणी अडवायचे, तर उतार, ओढे आणि दगड यांची पारख पिढ्यान्‌पिढ्यांची असावी लागते. गावाने कोलू पाटलाला देवपण दिले. कोलासुर देव म्हणून टेकडीवर त्याचे ठाणे आहे.

कोहळी ही वैनगंगेच्या खोऱ्यातली शेतकरी जात. ऊस लावावा आणि तलाव बांधावेत ते कोहळ्यांनी, असा त्यांचा लौकिक. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेला गेला असता या लोकांचे कसब पाहून त्याने त्यांना आपल्या मुलखात आणले, अशी दंतकथा रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथात नमूद केली आहे. दंतकथेचा खरेखोटेपणा बाजूला ठेवला, तरी कोहळ्यांचे काम डोळ्यांपुढे आहे : नवेगाव, शिवनी, सिरेगाव हे मोठे बांध आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत पसरलेले हजारो तलाव. शेतकऱ्याच्या खाजगी शेततळ्याला येथे बोडी म्हणतात. पूर्वी मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, ताब्यात असल्यामुळे गावतलावांना माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात ‘मामा तलाव’, हे नाव पडले आहे.

या तलावांची रचना एकदा जवळून पाहावी. पाणी अडवते ती पाळ. जास्तीचे पाणी सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, निघून जाते. शेतीला पाणी सोडायचे ते तुडुमातून. पाळीच्या पोटात बसवलेल्या या लाकडी किंवा दगडी मोरीला एकाखाली एक भोके असतात आणि ती खुंट्यांनी बुजवलेली असतात. तलाव भरलेला असताना वरची खुंटी काढायची. पातळी उतरेल तशी खालची. दाब बेताचा राहतो, पाटात पाणी सावकाश पडते आणि धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरे, एकामागून एक भरत जातात. हे काम पाणकराकडे असे. कोणाच्या बांधीला किती वेळ पाणी, हे तो ठरवी आणि गाव ते मानी.

ही घडी १९५१ नंतर विस्कटली. त्या वेळी हा भाग मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याच्या १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली. जमीनदारी संपणे न्याय्यच होते. पण तलाव सरकारजमा झाले आणि उन्हाळ्यात गाळ काढण्याची, पाळीची डागडुजी करण्याची जबाबदारी कोणाचीच उरली नाही. पाणीपट्टी आणि जुने निस्तार हक्क, म्हणजे गावाचे सामाईक वापराचे हक्क, यांवरून तंटे झाले ते वेगळेच. कित्येक तलाव गाळाने उथळ झाले. भोवती जंगल शाबूत राहिल्याने नवेगावच्या वाट्याला त्यातल्या त्यात बरे दिवस आले.

तलावालगतचे १३३·८८ चौ. किमी. वनक्षेत्र १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. डिसेंबर २०१३ मध्ये ते नागझिरा, नवीन नागझिरा, कोका आणि नवेगाव अभयारण्यांसह नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आले. जंगल शुष्क पानगळीचे : साग, ऐन, बिजा, तेंदू, मोह, बांबू. बिबट, अस्वल, गवा, सांबर, नीलगाय यांचा वावर असतो.

हिवाळा हा तलावाचा ऋतू. ऑक्टोबरपासून उत्तरेकडून तलवार बदके, थापट्या, मोठ्या लालसऱ्या आणि चक्रवाक येऊ लागतात. काणूक, अडई, जांभळी पाणकोंबडी आणि कमळाच्या पानांवरून लांब बोटांनी चालत जाणारा कमळपक्षी ही घरचीच मंडळी. येथील पक्षी अभयारण्याला डॉ. सलीम अली यांचे नाव आहे.

सारस क्रौंचाविषयी अधिक सांगायला हवे. माणसाच्या उंचीचा, लाल डोक्याचा हा पक्षी महाराष्ट्रात आता जवळजवळ गोंदिया-भंडाऱ्यापुरताच उरला आहे आणि अलीकडच्या गणनांत त्याची संख्या पन्नासच्याही आत आढळली आहे. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या उथळ कडेला गवताचा ढीग रचून बहुधा दोन अंडी घालतो. वाघासाठी आखलेले जंगल त्याच्या कामाचे नाही. त्याला ओली बांधी, उथळ पाणी आणि घरट्याला हात न लावणारा शेतकरी हवा. म्हणून गोंदियातील पक्षिमित्र गावोगावच्या शेतकऱ्यांना घरट्यांच्या राखणीत सामील करून घेतात.

मराठी वाचकांच्या घरी हा तलाव पोचवला तो मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी. वनाधिकारी म्हणून त्यांनी येथे काम केले आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक लिहिले. गावचे माधवराव पाटील डोंगरवार हे त्यांचे रानातले गुरू. माधवराव आणि तलावावर पोट असलेले मासेमार ढिवर यांच्याकडून मिळालेली पक्ष्यांची, माशांची आणि झाडांची नावे चितमपल्लींच्या लेखनात जागोजाग भेटतात. बोलीतले असे शब्दधन एका अधिकाऱ्याने मानाने टिपून ठेवले, हे मराठीचे भाग्यच.

ढिवरांच्या सहकारी संस्था आज तालुक्यातील तलावांत मासेमारी करतात. कतला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडण्याची रीत रुळल्यावर मरळ, शिंगी, मागूर यांसारख्या गावठी माशांकडे दुर्लक्ष झाले, आणि बेशरम या झुडपाने काठ व्यापले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने अर्जुनी-मोरगाव परिसरातील ढिवर स्त्री-पुरुषांना घेऊन काही तलावांत उलटी वाट धरली. बेशरम मुळासकट उपटायची, उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरायचा आणि पाऊस लागला की माशांना खाद्य व आडोसा देणाऱ्या देशी पाणवनस्पती चिखलात लावायच्या. वनस्पती रुजल्या तेथे गावठी मासे वाढले, त्यांच्यामागे पक्षीही आले. लावणीचे बरेचसे काम बायकांनी गुडघाभर पाण्यात उभे राहून केले आहे.

तलावाच्या परिसरात इटियाडोह धरण, गोठणगावची तिबेटी निर्वासितांची वसाहत आणि महाशिवरात्रीला यात्रा भरणारे प्रतापगड ही ठिकाणे आहेत. गोंदिया–चांदा फोर्ट लोहमार्ग गावाजवळून जातो. पक्षी पाहण्यास डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. सारसाची वीण पाहायची, तर धान उभे असताना, शेतकऱ्याला विचारून, बांधापासून दूर थांबावे.