आइस्क्रीम फ्लोट : गोडव्याआड दडलेले मद्य

मे महिन्यात नांदेड आणि लातूर येथे पाहुण्यांचा राबता वाढतो. मुलांना सुट्या असतात, लग्नसराई सुरू असते, पुण्या-मुंबईकडील आप्तेष्ट गावी आलेले असतात. दिवसभर घराबाहेर पडणे शक्य नसल्याने खऱ्या गप्पा रंगतात त्या सूर्यास्तानंतर, गच्चीवर पाणी शिंपडून झाल्यावर. अशा बैठकांत पन्हे, वाळ्याचे सरबत आणि गोटी सोडा यांच्या जोडीला आता आइस्क्रीम घातलेली मद्यमिश्रित पेये, म्हणजेच 'फ्लोट कॉकटेल', येऊ लागली आहेत. हे पेय बनविणे अवघड नाही. मात्र साखर, थंडावा आणि दुधाची साय या तिन्हींमुळे मद्याची जळजळीत चव त्यात जवळपास नाहीशी होते. घेणाऱ्याला आपण काय आणि किती घेतो आहोत हे कळत नाही. म्हणून फ्लोटची कृती चवीपासून नव्हे, मापापासून सुरू करावी लागते.

फ्लोट म्हणजे फेसाळत्या पेयावर तरंगत ठेवलेला आइस्क्रीमचा गोळा. या प्रकाराचे श्रेय सामान्यतः फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट ग्रीन या सोडाविक्रेत्याला दिले जाते. १८७४ साली तेथील फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या प्रदर्शनात सोड्यात घालावयाची मलई संपली आणि त्याने आइस्क्रीम वापरले, अशी कथा आहे. या मानाचे इतरही दावेदार आहेत, त्यामुळे कथा कथा म्हणूनच घ्यावी. त्याच सुमारास, १८७२ मध्ये, हायरम कॉड या इंग्रज गृहस्थाने काचेची गोटी अडकवून वायू कोंडणाऱ्या बाटलीचे पेटंट घेतले. ती बाटली भारतात इतकी रुजली की आपल्याकडे तिला गोटी सोडा या नावापलीकडे ओळख उरली नाही. पुण्याची मस्तानी हीदेखील फ्लोटची नातलग म्हणता येईल. फरक इतकाच, की तिच्यात सोड्याऐवजी घट्ट दूध असते आणि फेसाचा प्रश्नच येत नाही.

फ्लोटमध्ये फेस का उसळतो, हे समजून घेतले तर निम्मी कृती हाती येते. आइस्क्रीम म्हणजे गोठलेले दूध नव्हे; त्यात हवेचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे कोंडलेले असतात. सोड्यातील कर्बवायूला बाहेर पडण्यास असा खडबडीत पृष्ठभाग मिळाला की तो झपाट्याने मोकळा होतो आणि दुधातील प्रथिने त्या बुडबुड्यांना धरून ठेवतात. आइस्क्रीम आधी आणि सोडा नंतर वरून ओतला, तर ग्लासापेक्षा टेबलावरच अधिक पेय सांडते. म्हणून आधी मद्य, मग ग्लास तिरपा धरून कडेने सोडा, फेस बसला की शेवटी आइस्क्रीम, हा क्रम मोडू नये. ग्लासाचा वरचा दोन बोटे भाग रिकामा ठेवावा. गोळ्यावर थेट मद्य ओतण्याची हौस टाळावी. मद्यार्काचा गोठणबिंदू पाण्यापेक्षा बराच खाली असल्याने तो आइस्क्रीमला लगेच भोक पाडतो आणि गोळा तरंगण्याऐवजी विरघळून जातो.

आइस्क्रीम विकत घेताना डब्यावरील अक्षरे वाचावीत. भारतीय अन्नसुरक्षा मानकांनुसार साध्या आइस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुग्धस्निग्धांश असावा लागतो. 'फ्रोझन डेझर्ट' असे लिहिलेल्या डब्यात वनस्पती तेल असू शकते. ते खाण्यास निषिद्ध नाही, पण अशा पेयात त्याचा तेलकट थर जिभेवर रेंगाळतो. डबा हातात घेऊन वजनाचा अंदाज घ्यावा. त्याच आकाराचा डबा हलका लागला, तर हवा अधिक. वीज जाऊन वितळलेले आणि पुन्हा गोठवलेले आइस्क्रीम बर्फाच्या खड्यांवरून ओळखू येते. ते पाहुण्यांना देऊ नये.

फ्लोटचा एक गुण मराठवाड्याच्या दृष्टीने मोलाचा आहे. त्यात बर्फ लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले होते. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश दिला. ज्या गावाने असे दिवस पाहिले, तेथे बाजारातील बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हा प्रश्न उन्हाळ्यात विचारलाच पाहिजे. अखाद्य बर्फ ओळखू यावा म्हणून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ पासून त्यात निळा रंग घालणे बंधनकारक केले. फ्लोटसाठी ग्लास आणि बाटल्या चार तास शीतकपाटात ठेवल्या की काम भागते. उष्णतेचा हिशेबही करावा. लातूर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटर उंचीवर असल्याने तेथील संध्याकाळ थोडी सुसह्य असते. गोदाकाठचे नांदेड मात्र सुमारे ३६० मीटरवर आहे आणि रात्री नऊ वाजताही गच्चीची फरशी पायाला चटका देते. नांदेडला आइस्क्रीम घरातच ठेवून एकेक ग्लास भरून बाहेर आणावा.

आता प्रत्यक्ष कृती. लातूर हा उसाचा आणि साखर कारखान्यांचा जिल्हा; रम हे उसाच्या मळीपासून बनते, म्हणून प्रारंभ तिच्यापासून करणे उचित. साडेतीनशे मिलिलिटरच्या उंच ग्लासात ३० मिलिलिटर गडद रम मापून घ्यावी. त्यावर थंड कोला १५० मिलिलिटर कडेने सोडावा आणि व्हॅनिलाचा एक मध्यम गोळा, सुमारे ६० ग्रॅम, अलगद ठेवावा. वर जायफळाची चिमूट. जायफळ अनेकांना अनावश्यक वाटेल, परंतु कोलाचा उथळ गोडवा तेच सावरते. कोलाऐवजी गोटी सोडा आणि दोन चमचे पातळ केलेला काकवीचा पाक वापरला तर चव अधिक भारदस्त होते. प्रस्तुत लेखकाच्या मते हाच या प्रकारातील सर्वांत चांगला ग्लास. मळीची रम आणि उसाची काकवी एकमेकींना ओळखतात.

काळ्या, भाजक्या चवीच्या बिअरवर चॉकलेट आइस्क्रीम शोभते. बिअर १५० मिलिलिटरपेक्षा अधिक नको, साखर मुळीच नको. साधी फिकट बिअर या कामाची नाही, तिचा कडवटपणा दुधात उघडा पडतो.

नाशिकच्या फेसाळ वाइनवर केशर आंब्याचा गोळा ही कल्पना सुंदर आहे, पण तो गोळा दुधाचा नसावा. वाइन आंबट असते आणि आम्लतेने दुधातील केसीन फाटते. ग्लासात चोथा दिसू लागतो. लिंबू सोड्याचेही तेच. अशा वेळी आमरसात थोडे पाणी आणि साखर घालून तो गोठवावा, दर तासाने काट्याने ढवळावा, की दूध नसलेला मऊ गोळा तयार होतो. पिंपभर वाइन लागत नाही, १०० मिलिलिटर पुरते. गोव्याच्या काजू फेणीवर नारळाच्या दुधाचे आइस्क्रीम उत्तम जमते. मात्र फेणीला स्वतःचा उग्र वास आहे आणि प्रत्येकाला तो आवडेलच असे नाही. शिवाय सुटीहून परतताना परवान्याशिवाय गोव्यातील मद्य महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे.

स्थानिक पेयांचे काय, असा प्रश्न साहजिक आहे. किनवट-माहूरच्या जंगलात मोह आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद या सीमाभागात शिंदी निजामी राजवटीपासून परिचित आहे. तरीही घरच्या फ्लोटसाठी दोन्ही टाळावीत. शिंदी पहाटे गोड असते आणि दुपारपर्यंत आंबते, त्यामुळे दूध फाटतेच. आणि शेजारच्या तेलंगणात तिच्यात क्लोरल हायड्रेटसारखी गुंगी आणणारी द्रव्ये मिसळल्याचे प्रकार वारंवार उघडकीस आले आहेत. विनापरवाना गाळलेल्या दारूत मिथेनॉल असण्याचा धोका तर जीवघेणा. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात अशा दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. आइस्क्रीमच्या गोडव्यात विषाचीही चव लागत नाही. मोहाची फुले वाळवून, धुऊन त्यांचा पाक करावा आणि तो साध्या सोड्यात घालून वर कुल्फीचा तुकडा सोडावा. मद्य नसले तरी रानाचा गंध त्यात उतरतो.

मापाचा हिशेब यजमानाने आधीच करून ठेवावा. भारतात बनणाऱ्या बहुतेक रम, व्हिस्की, व्होडकात ४२.८ टक्के मद्यार्क असतो. म्हणजे ३० मिलिलिटरच्या एका लहान पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क जातो आणि शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निचरा करू शकते. दुधातील स्निग्धांशामुळे जठर रिकामे होण्यास वेळ लागतो, परिणाम उशिरा जाणवतो, आणि तोवर दुसरा ग्लास हातात आलेला असतो. झाकणाने किंवा अंदाजाने ओतणाऱ्यांचा 'एक' प्रत्यक्षात दोन असतो, हे मापपेला वापरून एकदा पडताळून पाहावे. मद्य लघवीचे प्रमाण वाढवते. दिवसभर घाम गाळलेल्या शरीराला त्याने तरतरी नव्हे, शोष पडतो. म्हणून प्रत्येक फ्लोटबरोबर माठातील पाण्याचा एक पेला द्यावा. मधुमेह असणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि झोपेची किंवा तत्सम औषधे घेणाऱ्यांनी मद्याचा फ्लोट घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याला सुरक्षित नाही असे स्पष्ट केले आहे.

कायद्याकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू असून मद्य घेण्यासाठी वैयक्तिक परवाना लागतो. सौम्य बिअरसाठी २१ आणि तीव्र मद्यासाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा आहे. मंगल कार्यालय, शेतघर किंवा संस्थेच्या आवारात मद्य देणार असाल, तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून त्या दिवसापुरता परवाना काढावा लागतो. वाहनचालकासाठी मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्क इतकी अल्प आहे. किरकोळ बांध्याच्या माणसाला हे माप एकाच ग्लासात ओलांडता येते. रात्री नांदेड-लातूर रस्त्यावर निघणाऱ्या पाहुण्याला म्हणूनच साधा फ्लोट द्यावा, आणि तो देताना आग्रह करू नये.

राहिली मुले. इतर मद्यांपासून मुले वासाने दूर राहतात. येथे मात्र ग्लासात आइस्क्रीम दिसते, आणि आठ-दहा वर्षांच्या मुलाला ते उचलण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. मोठ्या माणसाला किरकोळ वाटणारी मात्रा लहान शरीरात रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली आणू शकते. यावर साधा उपाय आहे तो भांड्यांचा. मद्याचे फ्लोट केवळ काचेच्या उंच ग्लासात आणि बिनमद्याचे केवळ स्टीलच्या पेल्यात द्यावेत. ट्रे दोन असावेत, मद्याचा ट्रे उंच ओट्यावर ठेवावा आणि उष्टे ग्लास लगेच उचलावेत. बिनमद्याच्या फ्लोटची तयारी दुय्यम मानू नये. नांदेडसारख्या तख्त सचखंड श्री हुजूर साहिबच्या नगरीत मद्य वर्ज्य मानणारी अनेक कुटुंबे आहेत; वारकरी घराण्यांतील ज्येष्ठ मंडळीही बैठकीत असतात. त्यांच्यासाठी गुलाबाचे सरबत, सब्जा, गोटी सोडा आणि मलई कुल्फी असा फ्लोट करावा. सब्जा अर्धा तास आधी भिजत घालावा, गुलाबाचे सरबत दोन चमचे पुरे. हे पेले सर्वांत आधी फिरवावेत, म्हणजे मुलांचे हात भरलेले राहतात आणि काचेच्या ग्लासांकडे त्यांचे लक्ष जाईपर्यंत ते रिकामे होऊन आत गेलेले असतात.