निद्राश्वासरोध : एका व्याधीच्या नावांचा आणि साक्षीदारांचा इतिहास

मराठीत ‘घोरणे’ या क्रियापदाला दुखण्याचा स्पर्श नाही. ‘डाराडूर झोपला आहे’ असे म्हणताना झोपेची गाढता आणि घशातून निघणारा आवाज या दोन्ही गोष्टी एकाच ध्वन्यनुकारी शब्दात बांधल्या जातात. ‘घोरत पडणे’ या प्रयोगात फार तर आळसाचा आरोप असतो. कुंभकर्णाच्या निद्रेची थट्टा होते, चिकित्सा होत नाही. मोठ्याने घोरणारा माणूस सुखाने झोपला आहे, असा सर्वसाधारण समज या प्रयोगांमागे आहे, आणि वैद्यकाच्या पंडितांनाही त्यातून बाहेर पडण्यास फार काळ लागला.

आज ज्यास ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात त्या व्याधीच्या प्रमुख प्रकारात झोपलेल्या माणसाच्या घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो. छाती व पोट हवा ओढण्याची खटपट करीत राहतात, परंतु हवा आत जात नाही; रक्तातील प्राणवायू उतरतो; शेवटी मेंदू क्षणभर जागा होतो, मोठा घोर ऐकू येतो आणि श्वास पूर्ववत सुरू होतो. तीव्र विकारात हे रात्रीतून शेकडो वेळा घडते. सकाळी रोग्याला यातले बहुधा काहीच आठवत नाही. डोके जड असते, दिवसा पेंग येते, एवढेच तो सांगू शकतो. आपल्या रोगाचा साक्षीदार होणे ज्याला अशक्य आहे असा हा रोगी आहे. त्यामुळे या रोगाचा इतिहास लिहावयाचा तर त्याच्या वतीने कोणी काय पाहिले आणि पाहिलेल्याला काय नाव दिले, याचाच शोध घ्यावा लागतो.

लंडनचे वैद्य ब्रॉडबेंट यांनी १८७७ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या एका लेखात हा प्रकार स्पष्ट वर्णिलेला आढळतो. उताणा झोपून मोठ्याने घोरणाऱ्या, विशेषतः वयस्क माणसाचा श्वास घशातील अडथळ्यापुढे अधूनमधून हरतो, काही वेळ पूर्ण शांतता होते, आणि मग जोराच्या घोरासरशी श्वास मोकळा होतो, असे त्यांनी नोंदविले आहे. आजच्या पाठ्यपुस्तकाला यात फारसे काही घालावे लागणार नाही. परंतु त्यांचा विषय मेंदूतील रक्तस्राव हा होता. हे निरीक्षण ओघात आलेले होते आणि त्याला त्यांनी स्वतंत्र नाव दिले नाही. लिव्हरपूलचे रिचर्ड केटन यांनी १८८९ साली लंडनच्या क्लिनिकल सोसायटीपुढे दिवसा सतत झोप येणाऱ्या एका लठ्ठ कोंबडीविक्रेत्याची हकिकत मांडली, तीतही झोपेत कंठद्वार मिटून श्वास पूर्ण थांबत असल्याचा उल्लेख आहे. प्राण्यांच्या मेंदूत विद्युत्प्रवाह असतात हे १८७५ साली प्रथम दाखविणारे केटन ते हेच. याच प्रवाहांच्या आलेखनातून पुढे या रोगाचा उलगडा व्हावयाचा होता, याची त्यांना कल्पना असणे शक्य नव्हते. त्यांच्या रोग्याची नोंद मात्र ‘नार्कोलेप्सी’ या तेव्हा नव्याने रूढ होत असलेल्या नावाखाली झाली आणि तेथेच राहिली.

दोन अचूक वर्णने अशी नावावाचून मागे पडली. उलट जे नाव टिकले ते एका विनोदी कादंबरीतून आले. चार्ल्स डिकन्स यांच्या १८३६-३७ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये जो नावाचा एक लठ्ठ, लालबुंद पोरगा आहे, काम करता करता, उभ्या उभ्या झोपणे हा त्याचा विशेष. १९५६ साली अमेरिकेत बर्वेल व त्यांचे सहकारी यांनी अतिस्थूलता आणि अपुरे श्वसन यांचा संबंध दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला आणि या लक्षणसमूहास ‘पिकविकियन’ असे नाव दिले. त्यांचा रोगी एक व्यावसायिक अधिकारी होता. पोकरच्या डावात हाती तीन एक्के आणि दोन राजे आलेले असताना त्याला झोप लागली आणि डाव हातचा गेला. त्यानंतर काही दिवसांनी तो इस्पितळात दाखल झाला. नाव आकर्षक होते, गोष्टही सांगण्यासारखी होती, आणि दोन्ही वैद्यकीय वाङ्मयात फार लवकर रुजली.

या नावाने उपकार केले तसा अपायही केला, असे म्हणणे भाग आहे. उपकार हा की, दिवसाची अनावर झोप हा स्वभावदोष नसून शरीरविकार असू शकतो, हे डॉक्टरांच्या ध्यानी आले. अपाय हा की, ‘पिकविकियन’ म्हणताच डोळ्यांपुढे जाड माणूस येऊ लागला आणि कृश माणसाच्या घशाकडे पाहण्याचे कारण उरले नाही. शिवाय जो आपल्याला दिवसाच भेटतो. बर्वेल यांनीही झोपाळूपणाचे कारण रक्तात साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये शोधले. रात्रीच्या झोपेचा जो पुरता मोड होत होता तो त्या उपपत्तीत आला नाही.

तो रात्रीचा साक्षीदार १९६५ साली मिळाला. मार्सेय येथे गास्तो, तासिनारी व द्युरों यांनी आणि फ्रायबुर्ग येथे युंग व कूलो यांनी, परस्परांशी संबंध नसताना, अशा रोग्यांच्या मेंदूचे व श्वासाचे रात्रभर आलेख घेतले. श्वास थांबतो, मेंदू जागा होतो, श्वास सुरू होतो, पुन्हा झोप. कागदाच्या पट्टीवर हा क्रम प्रथमच डोळ्यांनी वाचता आला. पुढे बोलोन्यात लुगारेसी आणि स्टॅनफर्डमध्ये गिलेमिनो यांनी हे काम वाढविले. १९७६ साली गिलेमिनो, टिल्कियन व डिमेंट यांच्या लेखातून ‘स्लीप ॲप्निया सिंड्रोम’ हे नाव रूढ झाले. ग्रीक ‘ॲप्निया’ म्हणजे श्वासाचा अभाव. या नावात लठ्ठपणा नाही, विनोद नाही. जे घडते तेवढेच आहे. कथेतून आलेल्या नावाची जागा क्रियेवरून पडलेल्या नावाने घेतली आणि रोग्यांची व्याप्तीही त्याबरोबर पालटली. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या विस्कॉन्सिनच्या पाहणीत ३० ते ६० वर्षे वयाच्या ६०२ नोकरदारांपैकी पुरुषांत २४ टक्के व स्त्रियांत ९ टक्के लोकांचा श्वास झोपेत तासाला पाच किंवा अधिक वेळा थांबत अथवा मंदावत असल्याचे दिसले. मुंबईत झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात मध्यमवयीन शहरी पुरुषांमध्ये हे प्रमाण १९.५ टक्के, आणि दिवसाच्या झोपाळूपणासह ७.५ टक्के आढळले.

उपचाराचा इतिहास आरंभी कठोर आहे. गळ्याला भोक पाडून रात्री त्यातून श्वास घेऊ देणे, हा १९६९ नंतरचा प्रभावी उपाय होता. दिवसा ते भोक बुजवावयाचे आणि निजताना उघडावयाचे. सिडनी येथे कॉलिन सलिव्हन यांच्यापुढे १९८० साली असा एक रोगी आला की, त्याला हे छिद्र नको होते. त्याच्या नाकावाटे पंख्याने सतत दाबाची हवा सोडण्यात आली आणि हवेच्याच टेकूने घसा उघडा राहिला. १९८१ च्या एप्रिलमध्ये पाच रोग्यांवरील हा अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला; लागणारा दाब ४.५ ते १० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतकाच होता. सुरुवातीच्या यंत्रांना धूळ ओढणाऱ्या झाडूयंत्राची मोटर असे आणि नाकाच्या साच्यावरून घडविलेला मुखवटा दररोज रात्री चिकटवावा लागे. आज ‘सीपॅप’ या नावाने घरोघर दिसणारे यंत्र याचेच सुधारलेले रूप आहे.

सुधारले तरी ते सोबतीला घेऊन निजणे सोपे नाही. पट्टे गालावर वळ उठवितात, तोंड कोरडे पडते, मुखवट्याच्या कडेने निसटणारी हवा डोळ्यांत जाते, कूस बदलताना नळी अडकते. जेथे रात्री वीज जाते तेथे यंत्रही थांबते. पूर्वी घोराने जागणारी पत्नी मुखवट्याच्या फुसफुशीने जागी होते, अशी तक्रारही आढळते. ज्यांना दुसऱ्याच दिवशी डोके हलके वाटते ते यंत्र सोडत नाहीत. ज्यांना फरक जाणवत नाही त्यांच्या बाबतीत ते कपाटात जाते. १९९३ साली क्रिब्ज व सहकाऱ्यांनी ३५ रोग्यांच्या यंत्रांतील तास मोजले. दररोज वापरतो असे ६० टक्के रोगी सांगत होते. ७० टक्के दिवस किमान चार तास हा नियम प्रत्यक्षात ४६ टक्क्यांनीच पाळला होता. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, २,७१७ हृदयरोगी व पक्षाघातग्रस्तांवरील मोठ्या चाचणीतही सरासरी वापर रात्री ३.३ तासच भरला आणि हृदयविकाराच्या घटना या उपचाराने कमी झाल्याचे दिसले नाही. घोरणे व दिवसाची झोप मात्र कमी झाली. एवढ्या अल्प वापरावरून उपचाराची परीक्षा झाली असे मानावे किंवा कसे, हा वाद सुरू आहे.

या पार्श्वभूमीवर मनगटी घड्याळाचे आगमन पाहिले पाहिजे. जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास नाडीच्या ठोक्यागणिक बदलणाऱ्या प्रकाशशोषणावरून रक्तातील प्राणवायू मोजण्याचे तत्त्व मांडले. घड्याळाच्या पाठीशी चमकणारा दिवा त्याच तत्त्वावर चालतो. सॅमसंगच्या घड्याळातील सोयीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत अनुमती दिली. दहा दिवसांच्या आत दोन रात्रींची नोंद तीस पुरते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ॲपलच्या घड्याळास अनुमती मिळाली. ते प्राणवायू न पाहता मनगटाच्या सूक्ष्म हालचालींवरून श्वासाचे व्यत्यय मोजते आणि तीस दिवसांतील किमान दहा रात्रींवरून इशारा देते. कंपनीनेच प्रसिद्ध केलेल्या पडताळणीनुसार ज्यांना विकार नाही त्यांना ते क्वचितच चुकीचा इशारा देते. परंतु मध्यम व तीव्र विकार असलेल्यांपैकी सुमारे ६६ टक्केच त्याच्या पकडीत येतात, आणि केवळ मध्यम विकाराच्या बाबतीत निम्म्याहून अधिक निसटतात. अर्थात इशारा आला तर डॉक्टरकडे जावे. इशारा आला नाही म्हणून निर्धास्त राहणे योग्य नव्हे. ‘घड्याळाने काही सांगितले नाही’ आणि ‘काही नाही’ ही दोन वाक्ये व्यवहारात सहज एकमेकांची जागा घेतात, आणि येथे तशी घेतली जाणे घातक आहे.

तरीही एका वर्गासाठी या साक्षीचे मोल मोठे आहे. शेजारी कोणी झोपत नाही अशा विधुर, विधवा, वसतिगृहवासी, परगावी नोकरीस राहणाऱ्या माणसांचा घोर आजवर ऐकणारेच कोणी नव्हते. ब्रॉडबेंट यांच्या निरीक्षणालाही रोग्याच्या खाटेशी कोणीतरी जागे असावे लागत होते. ही दोन्ही घड्याळे मात्र अद्याप निदान न झालेल्या व्यक्तींसाठीच मान्य झालेली आहेत. प्रयोगशाळेत किंवा घरी रीतसर चाचणी होऊन निदान ठरले की मनगटावरच्या या सोयीचे काम तेथे संपते. त्यापुढे रोग्याने किती तास श्वास घेतला हे उशाशी ठेवलेले सीपॅप यंत्र मोजते आणि डॉक्टर पुढच्या भेटीत तोच आकडा प्रथम पाहतात.