ट्रकची सीट किती हादरते? फोनवर मोजून बघा

माझे मामा ट्रक चालवतात. कंबर का दुखते विचारलं की म्हणतात, "गाडी हाय म्हटल्यावर हादरणारच की!" मी सॉफ्टवेअरवाला, म्हटलं मोजूनच बघू.

त्रास कशाने होतो?

ट्रकचे पाटे भरलेल्या मालाच्या वजनाला पेलतील असे कडक असतात. म्हणून रिकामी गाडी जास्त आपटते. त्यातही सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणारी वर-खाली थरथर वाईट, कारण बसलेल्या माणसाचं धड त्याच तालात डोलू लागतं.

किती म्हणजे जास्त?

मोजायची पद्धत आयएसओ २६३१ या मानकात आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या नियमानुसार ८ तासांच्या दिवसाला ०.५ मी/से² ओलांडलं की मालकाने उपाय करायचे. १.१५ ही कमाल मर्यादा. गंमत म्हणजे हादरा दुप्पट झाला की ८ तासांचा कोटा ४ नाही, २ तासांतच संपतो.

फोनवर कसं मोजायचं?

१. फायफॉक्स हे मोफत अॅप घ्या. त्यात गुरुत्वाकर्षण वगळून त्वरण मोजणारा पर्याय निवडा.
२. फोन होल्डरमध्ये नको, होल्डर स्वतःच थरथरतो. सीटवर मांडीशेजारी सपाट ठेवून टेपने घट्ट चिकटवा.
३. मोजणी गाडी उभी असताना सुरू करा. चालत्या गाडीत ड्रायव्हरने फोनला हात लावायचा नाही.
४. दुसऱ्यांदा फोन केबिनच्या तळाला चिकटवा. रस्ता आणि वेग तोच ठेवा, मग दोन्ही आलेख शेजारी ठेवून बघा.

मानकातली पद्धत प्रत्येक कंपनाला वेगळं वजन देते, अॅप तसं देत नाही. त्यामुळे आकडा ०.५ शी ताडून बघू नका, फक्त तुलनेसाठी वापरा.

आम्हाला काय सापडलं?

मामांच्या स्प्रिंगच्या सीटवर तळापेक्षा मोठे हादरे दिसले! सीटखालचा वजनाचा नॉब ६० किलोवर होता, मामा ८५ चे. सीट प्रत्येक खड्ड्यात खाली टेकत होती. नॉब फिरवला, आलेख लगेच खाली आला. मामा म्हणाले, "चार वर्षं ह्यो नॉब कशाला हाय तेच म्हाईत नव्हतं."

तुमच्या घरी कुणी ट्रक चालवत असेल तर आधी तो नॉब बघा. क्लीनर पोराची सीट मात्र थेट तळाला बोल्टने आवळलेली. तिला फिरवायला नॉबच नाही.